प्राँग्जचा दिवा : मुंबई बंदराच्या दीपगृहांची दीडशे वर्षे

प्राँग्ज दीपगृहाच्या बांधकामाला 6,20,506 रुपये लागले. या दीपगृहाविषयी कुठेही चार ओळी वाचा, हा आकडा भेटतोच, शेवटच्या सहा रुपयांसकट. मनोरा 1875 मध्ये पुरा झाला. त्यानंतर दीडशे वर्षे तेल, वाती, काचा, रंग, होड्या, पगार आणि शिधा यांवर जे गेले ते मात्र असे एका आकड्यात मावत नाही आणि म्हणून कुणाच्या तोंडीही नसते. संस्थांचे इतिहास असेच लिहिले जातात. कोनशिलेची तारीख सगळ्यांना पाठ असते, पुढची झाडलोट कुणी केली ते विचारायची पद्धत नाही. या लेखात बांधकामाला त्याची जागा दिली आहे, पण लेखकाचा कल झाडलोटीकडे आहे.

मुंबई बंदराच्या दिव्यांवर औरंगाबादच्या गुलमंडीतल्या माणसाने लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. आमच्या सुपारी मारुतीपासून समुद्र तीनशे किलोमीटरहून अधिक लांब आहे आणि भरती-ओहोटी हे शब्द आम्हाला फक्त बाजारभावापुरते ठाऊक. पण इथल्या किराणा दुकानांत जो बसऱ्याचा खजूर एके काळी येई तो जहाजानेच मुंबईला उतरत असे, आणि उलट दिशेने इथला कापूस जात असे. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी पेटली. लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाड, खानदेश आणि निजामाच्या मुलखातल्या कपाशीला सोन्याचा भाव आला. त्या वेळी औरंगाबादेत रेल्वे नव्हती. ती मनमाडहून निघून 1900 मध्ये पोहोचली. तोवर माल बैलगाड्यांनी घाट उतरून नांदगावसारखे स्टेशन गाठायचा आणि तिथून मुंबईला जायचा. मुंबई बंदराची भरभराट या गाठींवर उभी आहे. बंदराच्या दिव्याला जी पट्टी लागे तिचा भार शेवटी मालावरच पडतो, म्हणजे प्राँग्जच्या तेलात आमच्याकडच्या कापूसवाल्यांचाही थेंबभर वाटा असणार.

मुंबईचे बंदर निसर्गाने उत्तम दिले, फक्त दार अडचणीचे ठेवले. बंदराचे तोंड नैर्ऋत्येकडे. एका बाजूला कुलाब्याच्या दांडीचा खडक पाण्याखालून समुद्रात शिरत गेलेला, तोच प्राँग्जचा खडक. समोर अलिबागच्या बाजूने थळचा खडक. भरतीला दोन्ही झाकतात, ओहोटीला वर येतात, आणि पावसाळी वाऱ्याचा जोर नेमका या तोंडातून आत येतो. कुलाब्याला दिवा 1771 पासून होता. तो दांडीच्या जमिनीवर, खडकाच्या मागे. खडकाची टोके त्याच्यापुढे कितीतरी लांब गेलेली, त्यामुळे दिवा दिसला तरी धोका कुठे सुरू होतो ते कळत नसे. जून 1840 च्या तुफानात ‘लॉर्ड विल्यम बेंटिंक’ आणि ‘लॉर्ड कॅसलरे’ ही दोन जहाजे मुंबईच्या तोंडाशी फुटली. इंग्लंडहून आफ्रिकेला वळसा घालून, महिनोन्‌महिने प्रवास करून आलेले सैनिक अगदी दारात येऊन बुडाले.

तरी नव्या दीपगृहाला आणखी तीन दशके लागली. शिडाची जहाजे होती तोवर पावसाळ्यात बंदरावर वर्दळ कमी असे; रात्र झाली तर कप्तान खोल समुद्रात थांबून उजाडण्याची वाट पाही. आगबोटींनी ही सवय मोडली. 1869 मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि युरोपातून येणाऱ्या बोटींना हिंदुस्थानातले पहिले मोठे बंदर मुंबई झाले. टपाल वेळेवर हवे, कोळसा फुकट जाळणे परवडत नाही, मग बोट रात्रीही आत यायला हवी. जीव वाचावेत हा हेतू नव्हता असे नाही, पण निर्णय घडवला वेळापत्रकाने, असे माझे मत आहे.

त्याच सुमारास बंदराचा कारभारही बदलत होता. धक्के आणि वखारी एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनीसारख्या खासगी मंडळींच्या हाती होत्या. एकाच कंपनीच्या मर्जीवर सगळा व्यापार चालणे सरकारला आणि व्यापाऱ्यांनाही खटकू लागले, तेव्हा सरकारने ती मालमत्ता विकत घेतली आणि 26 जून 1873 रोजी बॉम्बे पोर्ट ट्रस्टचा कारभार सुरू झाला. मराठीत आपण बंदर विश्वस्त मंडळ म्हणत असू. या मंडळाचे अभियंते टॉमस ऑर्मिस्टन. 1880 मध्ये खुली झालेली प्रिन्सेस डॉक त्यांच्याच देखरेखीखाली झाली. ती बघायला माणसे जात. प्राँग्जवर ऑर्मिस्टननी जे बांधले ते मात्र बहुतेकांनी लांबूनच पाहिले आहे.

समुद्रातल्या खडकावर मनोरा बांधायचा म्हणजे गवंड्याने कोळ्याचे पंचांग पाळायचे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईत पाणी सुमारे पाच मीटर वरखाली होते. खडक उघडा पडतो तो ओहोटीच्या काही तासांत. तेवढ्यात पाया तासायचा, दगड बसवायचा, आणि पाणी चढायच्या आत हत्यारे-अवजारे उचलून निघायचे. जूनपासून पुढे चार महिने काम ठप्प. चुन्याला पाणी लागायच्या आत तो धरला पाहिजे, नाहीतर आजचा थर उद्या समुद्रात. इंग्लंडमध्ये जॉन स्मीटनने 1759 मध्ये एडिस्टनच्या खडकावर मनोरा उभारून ही विद्या पक्की केली होती : तळ रुंद, वर निमुळते, आणि दगड एकमेकांत अडकवलेले. त्यानंतर जगभरचे खडकावरचे मनोरे त्याच घराण्यातले. प्राँग्जचाही गोल दगडी मनोरा वर निमुळता होत जातो, अंगावर लाल, पांढरे आणि काळे पट्टे. ते सजावटीसाठी नाहीत. दिवसा दिवा कामाचा नसतो, तेव्हा नाविक मनोरा ओळखतात ते पट्ट्यांवरून.

उंची सुमारे 40 मीटर आणि प्रकाश सुमारे 30 किलोमीटरवरून दिसतो, असे सांगतात. या दोन आकड्यांचा मेळ घालून पाहण्यासारखा आहे. पृथ्वीच्या गोलाईमुळे 40 मीटर उंचीवरून क्षितिज साधारण साडेबावीस किलोमीटरवर येते. जहाजावर पाण्यापासून पाच मीटर उंच उभा असलेला खलाशी आपल्या बाजूने आठ किलोमीटर पाहतो. बेरीज तीस. याहून प्रखर ज्योत लावली तरी तीसच, कारण पुढे पाण्याचीच भिंत आड येते. प्रकाश लांब न्यायचा तर मनोरा उंच करायचा, दुसरा इलाज नाही. मनोऱ्याच्या उंचीत जो पैसा ओतला तो या हिशेबापायी. प्राँग्ज पेटल्यावर कुलाब्याच्या जुन्या दिव्याचे काम संपले.

बंदराच्या दिव्यांत प्राँग्जहून थोरले भावंड आहे खांदेरी. तिथली गोष्ट वेगळ्याच वळणाची. थळसमोरच्या या बेटावर 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी किल्ला बांधायला घेतला. मराठ्यांच्या आरमाराचा मायनाक भंडारी दर्यावर होता. मुंबईच्या इंग्रजांच्या ध्यानात आले की हे बेट मराठ्यांकडे गेले तर बंदराच्या तोंडावर त्यांचा पहारा बसेल. त्यांनी गलबते पाठवली, जंजिऱ्याचा सिद्दीही उतरला. मराठ्यांच्या होड्या लहान, उथळ पाण्यात चालणाऱ्या. रात्री इंग्रजी जहाजांच्या बगलेतून रसद आत जाई आणि दिवसा तट वर चढे. 1680 च्या आरंभी इंग्रजांनी माघार घेतली. सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडले. पुढे आंग्र्यांचे दिवस आले. 1818 नंतर बेट इंग्रजांकडे गेले आणि 1867 मध्ये, गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीच्या अखेरीस, किल्ल्याच्या टेकडीवर दीपगृह उभे राहू लागले. ज्या जागेवरून मुंबईची जहाजे अडवता येतील म्हणून दोन बाजू भांडल्या, त्याच जागेवरून पुढे त्या जहाजांना वाट दाखवली गेली. 1998 मध्ये बेटाला कान्होजी आंग्रे यांचे नाव दिले. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत खांदेरी आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळचा मनोरा मराठ्यांच्या वारशाच्या तटांत उभा आहे आणि बेटावरच्या वेताळाला कोळी अजून शेंदूर लावतात. कुणाला ही सरमिसळ नकोशी वाटेल. मला तिच्यात काही वावगे दिसत नाही. 1884 मध्ये बंदराच्या आत सन्क रॉकवर आणखी एक दिवा आला आणि बाहेरून आत येणारी दिव्यांची रांग जुळली.

आता झाडलोट.

जुन्या दीपगृहाचा जीव त्याच्या भिंगात. फ्रान्सच्या ऑग्युस्तँ फ्रेनेलने 1823 मध्ये कॉर्दुआनच्या दीपगृहात नवे भिंग बसवले. एकसंध जाड काच न घेता त्याने मधोमध फुगीर भिंग घेतले आणि त्याच्या वर-खाली प्रिझमची वलये रचली. ज्योतीचा चहूकडे विखुरणारा उजेड गोळा करून तो एका आडव्या पट्ट्यात समुद्रावर पाठवायचा, ही त्यातली युक्ती. पहिल्या दर्जाच्या भिंगात माणूस उभा राहू शकतो. प्रिझम शेकडो, आणि प्रत्येकावर मीठ. समुद्रावरची हवा काचेवर पहाटेपर्यंत खारट साय धरते. ती रोज मऊ फडक्याने टिपायची, स्पिरिटने पुसायची, ओरखडा पडू द्यायचा नाही. दिवा उजाडता विझवला की भिंगाभोवती पडदे ओढायचे. कारण सूर्य वर आला की तेच भिंग उलटे काम करते. बाहेरचा उजेड आतल्या बर्नरवर एकवटतो आणि दिव्याची मोडतोड होते, प्रसंगी आग लागते. वाट दाखवणारे यंत्र दिवसा झाकून ठेवावे लागते, हे लहानपणी ऐकले असते तर आम्ही खोटेच मानले असते.

प्राँग्जचा झोत दर दहा सेकंदांनी एकदा येतो. ही त्याची सही. नाविकाच्या हातातल्या यादीत प्रत्येक दिव्याची सही लिहिलेली असते, आणि अंधारात तो घड्याळ धरून दोन झोतांमधले अंतर मोजतो. त्यामुळे दिवा विझणे जेवढे वाईट, तेवढेच तो चुकीच्या गतीने फिरणे वाईट; फिरायचा थांबून एकसारखा जळू लागला तर जहाज त्याला दुसराच दिवा समजेल. भिंग फिरवायला मनोऱ्याच्या पोकळीत लोंबणारे वजन असे. ते खाली उतरताना चाके फिरत, आणि ठरावीक तासांनी हाताने चावी देऊन ते पुन्हा वर चढवावे लागे. यंत्र अडले तर घड्याळ समोर ठेवून माणसांनी रात्रभर भिंग हाताने ढकलायचे, ही सगळ्या फिरत्या दिव्यांवरची रीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भिंग पाऱ्याच्या कुंडात तरंगवायची पद्धत आली. टनांच्या वजनाला बोट लावले तरी ते फिरू लागे. पाऱ्याच्या वाफेचे काय, हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला. कोंदट दिवेघरात वर्षानुवर्षे पारा गाळणाऱ्या माणसांनी त्याची किंमत मोजली.

तेलाचीही एक वंशावळ आहे. मद्रासच्या 1796 च्या पहिल्या दीपगृहात खोबरेल जळत असे. पुढे घासलेट आले. मग 1901 मध्ये आर्थर किट्सनने घासलेटाची वाफ करून जाळीवर जाळण्याची तऱ्हा काढली. आपल्या पेट्रोमॅक्स बत्तीत जे होते तेच, मोठ्या मापाने. स्वीडनच्या गुस्ताफ डालेनने ॲसिटिलिनच्या दिव्याला असा झडप-पडदा जोडला की सूर्य उगवला की गॅस आपोआप बंद व्हावा आणि मावळला की सुरू. त्यासाठी 1912 चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्याला मिळाले. त्याच वर्षी एका प्रयोगात स्फोट होऊन त्याची दृष्टी गेली. या शोधाने माणसाशिवाय जळणारा दिवा शक्य झाला, म्हणजे दीपगृहावरच्या माणसांची नोकरी पुढे जाणार हे त्याच दिवशी ठरले.

तोवर ती माणसे होती. तिकडे दिव्याच्या पहाऱ्याच्या पाळ्या, इकडे नोंदवहीत वारा, पाऊस, धुके आणि तेलाचा खप. ओहोटीला कुलाब्याच्या टोकावरून प्राँग्जपर्यंत चालत जाता येते, म्हणून ही नोकरी सोपी असे बाहेरच्याला वाटते. पावसाळ्यात त्याच वाटेवर लाटा फुटतात. शिधा, पाणी, पगार सगळे होडीवर अवलंबून, आणि होडी लागत नाही तेच दिवस दिव्याला सर्वांत जास्त गरजेचे. दीपगृहाची ही विसंगती कोणत्याही नियमावलीला सोडवता आली नाही. दिवा असूनही सगळे टळते असेही नाही. 17 जुलै 1947 रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट सकाळच्या वेळी, भर पावसात, काश्याच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. श्रावणाच्या तोंडावर गावी निघालेली कोकणातली माणसे होती.

इथे आमच्या गावचे थोडे. मलिक अंबरने सतराव्या शतकात खडकीला, म्हणजे जुन्या औरंगाबादला, पाणी आणले ती नहर-ए-अंबरी आम्ही पाहुण्यांना कौतुकाने सांगतो : जमिनीखालून मैलोगणती, कुठे पंप नाही, उतारावर आणि दाबावर चालणारे पाणी. सांगत नाही ते हे, की नहर बुजली ती बांधणी कच्ची होती म्हणून नाही. गाळ काढणारा माणूस कुणाच्या पगारपत्रकावर उरला नाही म्हणून. शहागंजच्या घंटाघराचे घड्याळही मधली बरीच वर्षे बंद होते. प्राँग्जचा दिवा चालू राहिला त्याचे कारण दगडांत शोधण्यापेक्षा हिशेबाच्या वहीत शोधावे.

हा हिशेब अर्थशास्त्रालाही सतावत आला आहे. दिव्याचा उजेड ज्याने पैसे दिले त्यालाच दाखवता येत नाही. म्हणून जॉन स्टुअर्ट मिलपासून पॉल सॅम्युअलसनपर्यंत सर्वांनी दीपगृह हे सरकारनेच करायच्या कामाचे उदाहरण म्हणून वापरले. 1974 मध्ये रोनाल्ड कोस यांनी इंग्लंडचे जुने दप्तर उघडून दाखवले की तिथे दीपगृहांचा पैसा शतकानुशतके जहाजांकडून बंदरात गोळा होत होता. समुद्रावर कोणी पट्टी मागायला जात नाही. पण जहाज धक्क्याला लागले की ते सापडते. भारतात 1927 च्या दीपगृह कायद्याने हीच रीत बांधून दिली. जहाजाच्या टनामागे दीपपट्टी, वसुली जकात अधिकाऱ्याकडून, आणि एकदा भरली की तीस दिवस पुन्हा नाही. कायद्याने दिव्यांचे दोन वर्ग केले. दूरच्या जहाजांना किनारा दाखवणारे सर्वसाधारण दिवे केंद्राच्या दीपगृह खात्याकडे, आणि एखाद्या बंदराच्या वाटेपुरते स्थानिक दिवे त्या त्या बंदराकडे. प्राँग्ज, खांदेरी, सन्क रॉक हे दुसऱ्या वर्गात, म्हणजे मुंबई बंदराच्या पदरात. कायदा 21 सप्टेंबरला झाला म्हणून तो दिवस आता राष्ट्रीय दीपगृह दिन म्हणून पाळतात. 2021 मध्ये त्या कायद्याची जागा सागरी नौवहन साहाय्य कायद्याने घेतली. त्याच वर्षीच्या महाबंदरांच्या नव्या कायद्यामुळे पोर्ट ट्रस्टचे नाव जाऊन मुंबई बंदर प्राधिकरण झाले.

वीज आली, भिंग फिरवायला मोटर आली, आणि आता जगभर छोटे एलईडी दिवे आणि सौर पट्ट्या. जहाजाच्या सुकाणूघरात उपग्रहाचा पडदा असतो, तेव्हा दीपगृह लागतेच कशाला, असा सवाल कुणी ना कुणी करतोच. दर्यावर्दी त्याला उत्तर देतात की उपग्रहाचा संकेत कुणी बिघडवू शकतो, खोटाही पाठवू शकतो, मग पडद्यावरचे पडताळून पाहायला डोळ्यांना काहीतरी हवे. केंद्राने मधल्या काळात दीपगृहांचे पर्यटन मनावर घेतले. फेब्रुवारी 2024 मध्ये देशातल्या 75 दीपगृहांवरील पर्यटन सुविधांचे लोकार्पण झाले. प्राँग्जला मात्र असे सहज जाता येत नाही. वाट नौदलाच्या वसाहतीतून, परवानगीने, आणि तीही ओहोटी पाहून.

बंदराच्या पुढे खरा प्रश्न वेगळाच आहे. 26 मे 1989 रोजी समोरच्या काठावर न्हावा-शेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि कंटेनरची मोठी जहाजे तिकडे गेली. आमच्याकडच्या वाळूजच्या कारखान्यांचा माल नेणारे ट्रकही तिकडेच जातात. जहाजे बंदराच्या तोंडातून येतात ती मात्र पूर्वीच्याच वाटेने, प्राँग्ज आणि थळ यांच्या मधून. दिवा एका बंदराचा आणि गर्दी दुसऱ्याच्या धक्क्यावर, अशी ही वाटणी. खडकावर पुढचा रंगाचा हात कोणत्या बंदराच्या पैशाने फिरेल, हे दोन्ही बंदरांनी एका टेबलाशी बसून ठरवायला हवे. स्थानिक दिव्यांची तपासणी करण्याचा अधिकार केंद्राच्या खात्याला 1927 पासूनच आहे.